मागच्या दाराची चावी

५ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वर्षं शिफ्ट संपली की रिपोर्ट लिहीत आले. किती पार्सलं गेली, कोण गैरहजर, कुठलं शटर अडकलं. आज गोडाऊनच नाही. तरी साडेपाच वाजले आणि हात पेन शोधायला लागला, म्हणून ही वही काढली.

परवा, सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या कशेळीच्या गोडाऊनला आग लागली. मधल्या रॅकवर वायर जळाली म्हणतात. मागच्या बाजूला पॅकिंगमध्ये माझ्या हाताखालच्या बारा बायका होत्या. पुढे यायची वाट आगीनं बंद झाली आणि मागच्या दाराला कुलूप होतं. चावी वेळेवर मिळाली नाही. वॉचमन काळूराम गेटवरून पहार घेऊन मागे धावला, त्यानं बाहेरून दार उचकटलं. त्यात सात-आठ मिनिटं गेली. अकरा बायका आपल्या पायांनी बाहेर आल्या. कमळला उचलून आणावं लागलं.

कमळ ठाण्याच्या दवाखान्यात आहे, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. नूरीचे दोन्ही हात भाजलेत. तापलेलं लोखंडी दार ती बडवत होती.

मला ओरखडासुद्धा नाही. तीन वेळा केस धुतले तरी जळक्या प्लास्टिकचा वास जात नाही. बाबा म्हणतात त्यांना कसलाच वास येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी केसरीनाथ साहेब घरी आले. गोडाऊनचे मॅनेजर स्वतः दुसऱ्या मजल्यावर जिने चढून आले, बाबांच्या पाया पडले, येताना सफरचंदं घेऊन आले. म्हणाले, "संघरत्नाबाई, तुम्ही वाचलात, माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं."

मग म्हणाले की पोलीस सगळ्यांचे जबाब घेणार. घाबरायचं नाही, त्यांचे वकील बरोबर असतील. दाराचं रजिस्टरही त्यांनी आगीच्या आधीच ऑफिसात नेलं होतं, ते त्यांच्याकडे सुरक्षित आहे. त्या रजिस्टरवर रोज माझी सही असायची. ते जळालं नाही हे ऐकून बरं वाटलं. साहेब सगळ्याची काळजी घेतात.

हा माणूस नसता तर माझा नवरा कुमार आठ वर्षांपूर्वीच गेला असता. मला भेटायला गेटवर आला होता आणि तिथेच छातीला हात लावून बसला. साहेबांनी त्याला स्वतःच्या गाडीत घातलं. कशेळीच्या त्या ट्रॅफिकमध्ये एक हात हॉर्नवर आणि दुसरा हात खिडकीबाहेर रुमाल धरून. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. नंतर कुमार दोन वर्षं जगला. ती दोन वर्षं साहेबांनी दिलेली आहेत, हे मी विसरत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बुधवारी लिहिलं त्यात एक वाक्य खोटं आहे. स्वतःच्या वहीत खोटं लिहिलं मी.

चावी मिळाली नाही असं नाही. चावी माझ्याकडे होती.

दिवाळीत दोन मोबाइलचे बॉक्स चोरीला गेले, तेव्हा साहेबांनी मागचं दार बंद करायला सांगितलं. त्याची एकच चावी, ती माझ्या जुडग्यात, कमरेच्या पाऊचमध्ये. रजिस्टरमध्ये मात्र रोज लिहायचं, 'मागचं दार उघडं, तपासलं', आणि सही करायची. तीन महिने केली. पहिले दोन दिवस पेन जड वाटलं, मग सवय झाली.

सोमवारी धूर दिसला तेव्हा मी त्या बायकांमध्येच उभी होते. दार माझ्यापासून पंधरा पावलांवर होतं. मी ओरडले, "थांबा, मी चावी आणते," आणि पुढच्या बाजूला पळाले. चावी कमरेला असताना. रॅकच्या बाजूनं आग यायच्या आत मी पुढून बाहेर पडले आणि समोरच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. मागून पहारीचे घाव ऐकू येत होते. माझा हात पाऊचवर होता. बाहेरून वळसा घालून जायला दोन मिनिटं लागली असती. पाय हललेच नाहीत.

मी तसं का ओरडले हे मला माहीत नाही. ठरवून नाही. पण ते शब्द माझ्याच तोंडातून आले.

चाव्यांचा जुडगा तांदळाच्या डब्यात खाली खुपसून ठेवला आहे. तिथे कोण बघतंय. बाबा कुकर लावत होते तेव्हा मी गॅलरीत उभी होते. रस्त्यावरून कुणी चाव्या खुळखुळवत गेलं आणि मी झटकन आत आले.

१० फेब्रुवारी, सोमवार

जबाब दिला.

गाडीत बसल्यावर वकिलांनी दोन वाक्यं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतली. "मागच्या दाराची चावी वॉचमन काळूराम यांच्याकडे असायची. घटनेच्या वेळी ते जागेवर नव्हते." साहेब पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त म्हणाले, "काळूराम म्हातारा माणूस, त्याला काय होणार? फार तर नोकरी जाईल. त्याला मी गावाकडे काहीतरी लावून देईन. तुमचं नाव आलं तर तुमच्या बाबांकडे कोण बघणार?"

ते माझाच विचार करत होते.

पोलिसांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. सही केली. सही नेहमीसारखीच आली, एक रेघही हलली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार, पौर्णिमा

बाबांना विहारात घेऊन गेले. सगळ्या बायका पांढऱ्या साडीत. पंचशील सुरू झालं. लहानपणापासून झोपेतही म्हणता येईल असं. तीन शीलं म्हटली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि जीभ टाळूला चिकटली. सगळ्यांचा आवाज माझ्या अंगावरून पुढे गेला. पाचव्याला मी पुन्हा सुरात आले.

बाबांना कमी ऐकू येतं, त्यांच्या लक्षात आलं नसणार. घरी येताना त्यांनी माझा हात धरला. एरवी मी त्यांचा धरते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नूरीला बघायला दवाखान्यात गेले. जायचं नव्हतं, पण गेले नसते तर लोकांनी विचारलं असतं.

तिचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. फखरुद्दीन, तिचा नवरा, चमच्यानं खिचडी भरवत होता. पूर्वी त्यांचे घरचे लूम, कापड विणायचे माग होते, ते भंगारात गेले, आता टेम्पो चालवतो. मला बघून उठला आणि खुर्ची दिली.

नूरी म्हणाली, "ताई, तुम्ही तर चावी आणायला गेला होतात. मध्ये आग आली. तुमचा काय दोष?"

असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे हलवले नाहीत.

मी म्हटलं, "हो गं."

"मग सापडली का नंतर चावी?"

"नाही."

"अच्छा," ती म्हणाली आणि फखरुद्दीनला म्हणाली, "बस, पोट भरलं." खिचडी अर्धी तशीच होती. औषधांनी भूक जात असेल.

तिला संशय नाही. बाहेर येऊन मी जिन्यावर बसले आणि देवाचे आभार मानावेत तसे कुणाचे तरी आभार मानले. आपल्यात देव नाही. कुणाचे मानले कोण जाणे.

कमळच्या वॉर्डाकडे गेले नाही. तिची मुलगी मेघाली बाहेरच्या बाकावर बसलेली लांबून दिसली. मी दुसऱ्या जिन्यानं उतरले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

समोरच्या चहाच्या टपरीवर काल संध्याकाळी एक माणूस उभा होता, आमच्या गॅलरीकडे बघत. आजही. तोंडाला रुमाल. साध्या वेशातला पोलीस असेल, नाहीतर साहेबांनी माझ्यावर नजर ठेवायला कुणाला पाठवलं असेल. साहेब असं का करतील? पण मनात येतं.

कपडे आत वाळत घातले. बाबांनी विचारलं, "ऊन बाहेर आहे ना?" मी म्हटलं, धूळ येते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कमळ गेली. सकाळी अकरा वाजता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

आज काळूरामला पोलिसांनी नेलं. साहेबांचा फोन आला, आवाज एकदम शांत. "आता तुम्ही फोन बंदच ठेवा. पंधरा दिवस कुठे नातेवाइकांकडे जाता का?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात फार तर नोकरी जाईल." ते म्हणाले, "बाई मरेल हे मला काय माहीत?" मग म्हणाले, "आणि सही तुमची आहे. रजिस्टरवर पण आणि जबाबावर पण. ते माझ्याकडे आहे म्हणून तर तुम्ही घरी आहात."

फोन ठेवल्यावर ते वाक्य मी कितीदा तरी मनात म्हणून बघितलं. रजिस्टर त्यांच्याकडे आहे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धीर दिल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी दार वाजलं. टपरीवरचा माणूस. रुमाल काढला तर फखरुद्दीन.

म्हणाला, "ताई, चार दिन से आ रहा हूँ, वर यायची हिंमत होत नव्हती. नूरीनं विचारलंय, तुम्ही कधी जाणार?"

"कुठे?"

तो चप्पल बघत राहिला. "ती एवढंच म्हणाली. कधी जाणार, ते विचारून ये."

"दवाखान्यात ना? येते या आठवड्यात," मी म्हटलं.

"घरी आणलंय तिला," तो म्हणाला. पाणीही न पिता गेला. त्या माणसाला धड बोलता येत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काळूराम आम्हा सगळ्यांपेक्षा जुना. अंबाडीच्या पुढच्या गावचा, अठ्ठावन्न वर्षांचा. त्या दिवशी तो जेवायलाही जागेवरून हलला नव्हता. डबा गेटवर उघडाच राहिला होता, मी बघितला. भाकरीवर राख पडली होती.

आज दिवसभर जिन्यावर पाऊल वाजलं की मी संडासात जाऊन कडी लावायचे. चार वेळा गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहायचं आहे.

दुपारी जेवताना बाबांना विचारलं, "बाबा, एखाद्याचे आपल्यावर मोठे उपकार असले तर ते कसे फेडायचे?" मोठ्यानं विचारावं लागलं, त्यामुळे उगाच भांडल्यासारखं वाटलं.

बाबा घास खाली ठेवून बसले. मग त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. मी ती कधी ऐकली नव्हती.

वाड्याकडच्या गावात आजोबा राहायचे. एका उन्हाळ्यात आपल्या लोकांचा पाणवठा आटला. गावात कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं, तेव्हा पाटलानं आपल्या मळ्यातल्या विहिरीवर आजीला येऊ दिलं. लोक त्याला बोलले, तरी त्यानं ऐकलं नाही. पोरं जगली. दोन वर्षांनी पाटलानं आजोबांना बोलावलं. एका कातकऱ्यावर लाकूडचोरीचा आळ घ्यायचा होता, त्याची जमीन हवी होती. आजोबांनी फक्त 'मी बघितलं' म्हणायचं.

"मग?"

"म्हातारा म्हणाला, पाटील, तुमचं पाणी प्यालो, तोंड नाही विकलं."

"आणि विहीर?"

"बंद झाली. आई दोन कोस जायची हंडा घेऊन. मी जायचो बरोबर." बाबा थोडं हसले. "पण पावसाळ्याच्या तोंडावर दर वर्षी म्हातारा पाटलाचं घर शाकारून द्यायला जायचा. फुकट. पाटील त्याच्याशी बोलायचा नाही, हा न बोलता वर चढायचा, कौलं लावायचा, उतरून यायचा. मेला त्या वर्षीपर्यंत. मी एकदा चिडलो. म्हटलं, ज्यानं पाणी तोडलं त्याच्या घरावर कशाला चढता? तर म्हणाला, पाणी प्यालो ते खोटं होतं का? उपकार आपल्या घामानं फेडायचे, बाळाराम, दुसऱ्याच्या मानेनं नाही."

मला पुढे जेवता येईना. मी ताट उचलायला लागले तर बाबा म्हणाले, "तांदूळ रोज मीच काढतो, रत्ना."

एवढंच. मग ते हात धुवायला गेले.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. पंधरा दिवस त्या चाव्यांच्या बाजूनं वाटी फिरवून ते तांदूळ काढत होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नूरीच्या घरी गेले. कॉटवर बसून होती, उशांवर हात ठेवून. फखरुद्दीन टेम्पोवर गेलेला. मी पंख्याखाली उभी राहूनच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं.

"नूरी, चावी माझ्याकडे होती."

"हो," ती म्हणाली. "पळताना तुमच्या पाऊचमध्ये चाव्या वाजत होत्या. मी तुमच्या मागेच उभी होते."

मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा रडेल.

"मग तू पोलिसांना..."

"विचारलं त्यांनी. मी म्हटलं, धुरात काही कळलं नाही." तिनं पट्टीतली बोटं हलवायचा प्रयत्न केला. "ताई, माझ्या पहिल्या महिन्यात मी पत्ते चुकीचे चिकटवले होते, आठवतंय? अख्खा टेम्पो परत आला होता. तुम्ही साहेबांना म्हणालात, चूक माझी. तुम्ही अशा होतात. म्हणून वाटलं, ही बाई सांगेल. मी सांगितलं तर तुम्ही पकडल्या जाल, बस. तुम्ही सांगितलं तर वेगळं."

"वेगळं काय?"

"मला नाही माहीत नीट. अब्बा असते तर त्यांनी सांगितलं असतं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण मी काही फार चांगली नाही. काळूरामकाका आत गेले तेव्हापासून मला तुमचा खूप राग येतो. शुक्रवारपर्यंत थांबणार होते. मग मीच पोलिसांकडे जाणार होते."

तिला पाणी हवं होतं. मी ग्लास तिच्या ओठाला लावला. थोडं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. मी ते पदरानं टिपलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पोलिसांकडे जायच्या आधी साहेबांना तोंडावर सांगायचं ठरवलं. पाठीमागून करायला नको. ठरवलं तेव्हा फार मोठं वाटलं. त्यांच्या ऑफिसच्या दाराशी पोचले तेव्हा मात्र चपला काढायलाही वेळ लावला.

त्यांनी ऐकून घेतलं. पेपरवेट फिरवत होते. म्हणाले, "कुमारला माझ्या गाडीत घातलं होतं मी."

"हो साहेब. मरेपर्यंत विसरणार नाही."

"हे असं न विसरणं?"

"तुम्हाला कधी रक्त लागलं, रात्रंदिवस दवाखान्यात बसायला माणूस लागलं, तर मी येईन. तुमच्या घरची भांडी घासायला सांगा, घासेन. काळूराम माझा नाही, साहेब. तो मी तुम्हाला कसा देऊ?"

त्यांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला वरून सांगितलं होतं दार बंद ठेवायला. माल गेला की माझ्या गळ्याशी येतं." पहिल्यांदाच मला तो माणूस घाबरलेला दिसला. इतके दिवस फक्त मीच घाबरले आहे असं वाटत होतं. नंतर त्यांचा आवाज बदलला. "तुमच्या वडिलांचं वय काय हो? तुम्ही आत गेलात तर त्यांचं जेवणखाण कोण बघतं? विचार करून जा."

रिक्षात बसल्यावर कळलं, माझी एक चप्पल त्यांच्या दाराबाहेर राहिली. परत गेले नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

बाबांसाठी तीन दिवसांची चपाती-भाजी शेजारच्या बाईंना सांगून ठेवली. त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे लावल्या. चाव्यांचा जुडगा प्लास्टिकच्या पिशवीत घातला. बाबा म्हणाले, "मी येतो." मी नको म्हटलं. ते बूट घालून बसले आहेत.

४ मार्च, मंगळवार

शुक्रवारचं आज लिहिते.

पोलीस ठाण्यात मोठे साहेब बाहेर गेले होते. हवालदार म्हणाला, बसा. दोन तास बसलो, मी आणि बाबा, बाकावर. दोनदा मी पाणी प्यायचं म्हणून उठले आणि फाटकापर्यंत गेले. दुसऱ्यांदा तर रस्ता ओलांडायच्या बेतात होते. खरं लिहायचं तर मला बाबांनी थांबवलं नाही, धैर्यानंही नाही. बाबा तिथे एकटे बसलेले दिसत होते, त्यांना टाकून जाता येईना, एवढंच. एकदा बारा जणींना टाकून गेले होते.

ठाण्याचे मोठे साहेब आले. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी जुडगा बाहेर काढला तर त्याला तांदळाचे दाणे चिकटलेले. ते माझ्याकडे बघत राहिले. मी धूर दिसल्यापासून झाडाखाली उभी राहिले तिथपर्यंत सगळं सांगितलं, रजिस्टरचंही, वकिलांच्या दोन वाक्यांचंही. ते म्हणाले, "आधीचा जबाब खोटा होता, हे तुम्ही स्वतः सांगताय. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल, कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. कळत नव्हतं. कानात नुसतं घूं घूं होत होतं.

अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. शनिवारी जामीन मिळेना, सोमवारी मिळाला. त्या दोन दिवसांबद्दल लिहायचं नाही मला. सारखी लघवी लागायची आणि दर वेळी परवानगी मागावी लागायची, एवढं लिहिते.

जामीनदार म्हणून फखरुद्दीन उभा राहिला. रोजा धरलेला, ओठ सुकलेले, घराचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मी विचारलं, "तू का?" तो म्हणाला, "नूरी बोली, जा. आणि बाळारामबाबा सकाळी चालत आमच्या घरी आले होते." एवढं अंतर ते चालत गेले, गुडघे दुखत असताना. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आभार मानायला तोंड उघडलं तर शब्दच आले नाहीत. केसरीनाथ साहेबांचे आभार मी किती सहज मानायचे. हे तसं नाही.

६ मार्च, गुरुवार

केसरीनाथ साहेबांना चौकशीला नेलं. रजिस्टर त्यांच्या कपाटात सापडलं. त्यांच्या बायकोला मी एकदा हळदीकुंकवाला भेटले होते. आज तिचीच आठवण येते. त्यांच्या वरच्या माणसांचं अजून नाव नाही.

जिन्यात शेजारीण मला बघून आत गेली. काल दोघींनी तसंच केलं. बाबांना भाजी-चपाती द्यायला मात्र ती येते.

९ मार्च, रविवार

काळूराम सुटून चार दिवस झाले. आज तो आला. मी दार उघडलं आणि दोन पावलं मागे झाले. तो दारातच थांबला.

"मारायला न्हाय आलो, बाय."

तो खुर्चीवर बसला नाही, खाली भिंतीला टेकून बसला. अंगानं उतरला आहे. बाबांनीच चहा टाकला.

मी त्याच्या समोर बसले आणि म्हटलं, "काळूरामकाका, माफ करा म्हणायलाही मला तोंड नाही."

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "मना लोकांनी सांगितलं, बाईनं खरं सांगितलं, मोठं काम केलं, जाऊन भेट. मी म्हटलं, खरं सांगितलं त ठीक हाय. पण चौदा दिवस मी आत व्हतो. माझी नात शाळंत जात न्हवती, पोरं चोराची नात म्हणत. त्या चौदा दिवसांचं काय?"

"काही नाही करता येणार मला त्याचं."

"न्हायच करता येनार." तो चहा प्याला. "राग हाय माझा. न्हाय म्हनून सांगितलं त खोटं व्हईल. तू येवढं खरं बोलल्यावर मी कशाला खोटं बोलू?"

मग त्यानं विचारलं, "तू झाडाखाली उभी व्हतीस, तवा माझी पहार आयकत व्हतीस?"

"हो."

"किती घाव मारले?"

"मोजले नाहीत."

"मी पन न्हाय मोजले," तो म्हणाला, आणि कप रिकामा करून उठला. जाताना बाबांशी पावसापाण्याचं बोलला. आंब्याला मोहर चांगला धरलाय म्हणाला.

तो पुन्हा येईल की नाही माहीत नाही.

१६ मार्च, रविवार

एकच घर राहिलं होतं. पोलिसांपेक्षा, कोर्टापेक्षा, त्या दोन दिवसांपेक्षा मला त्या घराची भीती वाटत होती. होळीच्या आधी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. आज गेले.

मेघाली सव्वीस-सत्तावीस वर्षांची आहे, एका दुकानात बिलिंगला असते. दार तिनंच उघडलं. मला ओळखलं. आत या म्हणाली नाही. आतल्या भिंतीवर कमळचा फोटो, हार अजून ताजा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. तिला ते पोलिसांकडून माहीत असणार, तरी सांगितलं, चावी कमरेला होती इथपासून.

तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तुम्ही पळालात तेव्हा आई काय करत होती?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ना पोलिसांनी, ना वकिलांनी.

"तिनं आधी हातातल्या बॉक्सला टेप लावून संपवली," मी म्हटलं. "मी ओरडल्यावर तिनं वर बघितलं. नवीन आलेली एक पोरगी रडायला लागली होती, तिला तिनं जवळ ओढलं. माझ्याकडे बघून म्हणाली, लवकर या हं ताई. घाबरून नाही म्हणाली. मी येणार याची तिला खात्री होती."

मेघालीनं दाराची चौकट धरली. मला वाटलं आता ती दार लावेल.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. बॉक्स, टेप, पोरगी, लवकर या हं ताई. या वेळीही शब्द तेच ठेवले.

"वकील म्हणतात कोर्टात वर्षं जातील," मेघाली म्हणाली. "पाच, सात, दहा. लोक दमतात. साक्षी फिरतात. तुमचंही वय होईल, कुणीतरी येऊन काहीतरी समजावेल, आणि तुम्हाला आठवेनासं होईल."

"नाही होणार."

"ते मला आत्ता कसं कळणार?" तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "दर वर्षी अठरा फेब्रुवारीला इथे या. मी जिथे असेन तिथे या. आणि हे सगळं मला असंच सांगा. तुमची चावी, तुमचं पळणं, आई काय म्हणाली ते. एक शब्द कमी नको. माफीबिफी मागू नका, मला ती द्यायची नाही. फक्त सांगून जा."

मी हो म्हटलं.

भीती अजून आहे. दर वर्षी ती फेब्रुवारीत येणार, जानेवारीपासूनच यायला लागणार. मी जिना उतरले, तीन मजले. खालून वर बघितलं तर मेघाली कठड्याला धरून उभी होती, मी दिसेनाशी होईपर्यंत. का उभी राहिली, मला कळलं नाही.